बेसवाल्याची उरलेली गोष्ट

मागच्या वीकेंडला गावी गेलो होतो. पुण्याहून शुक्रवारी रात्री ट्रॅव्हल्स पकडली की सकाळी हिंगोली, आणि तिथून पुढे कळमनुरी तालुक्यातलं आमचं गाव. हळद शिजवून अंगणात वाळत घातलेली, सगळ्या घराला तोच वास. चहाचा कप हातात यायच्या आधीच काकांनी मला बाजूला घेतलं.

"तू कंपनीत हायेस. तुपलं ऐकतो तो. सांग त्याला काहीतरी."

'तो' म्हणजे माझा धाकटा चुलतभाऊ. घरात सगळे त्याला बारक्याच म्हणतात. पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या रॉक बँडमध्ये बेस गिटार वाजवतो आणि दिवाळीपासून त्याने एकच धोशा लावलाय: कॉलेज सोडतो, पूर्णवेळ वाजवतो. काकांना रॉक म्हणजे काय ते माहीत नाही आणि बेस गिटार म्हणजे काय तेही नाही. त्यांच्या डोळ्यासमोर वरातीपुढची बेंजो पार्टी उभी राहते. "हळद इकून फी भरली, ती कामून? वरातीत वाजवायला?"

दुपारी बारक्याला गच्चीवर गाठलं. मी तोंड उघडायच्या आधीच त्याने फोन पुढे केला. "दादा, हा माणूस बघ. आयआयटी कानपूर. अमेरिकेतली पीएच.डी. सगळं सोडलं आणि बेस वाजवतोय. याला कुणी अडवलं नाही, मग मलाच का?"

फोनवर राहुल राम होता. 'इंडियन ओशन'चा बेसवाला.

खरं सांगतो, मला त्या वेळी उत्तर सुचलं नाही. रविवारी रात्री परतीच्या ट्रॅव्हल्समध्ये झोप लागेना तेव्हा सुचलं, आणि तेच इथे लिहितोय. हे बारक्यासाठी आहे, काकांसाठी आहे, आणि थोडंसं स्वतःसाठीही. कारण चार वर्षं मीसुद्धा बेसवाला होतो.

आधी ज्यांना बेस गिटार म्हणजे काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी थोडंसं. (माहीत असणाऱ्यांनी दोन परिच्छेद उडी मारावी.) आमच्या भागात 'बेस' हा शब्द डीजेमुळे घराघरात पोचलाय. 'बेस वाढव रे' म्हटलं की खिडक्या हादरतात. बेस गिटार म्हणजे ते नव्हे. साध्या गिटारला सहा तारा असतात, हिला बहुतेक वेळा चार, पण जाड. सगळ्यात खालची तार सेकंदाला साधारण ४१ वेळा थरथरते. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ वेळा, म्हणजे बरोबर एक सप्तक वर. मोबाइलचा एवढासा स्पीकर ४१ हर्ट्झ वाजवूच शकत नाही. वरच्या स्वरांवरून आपला मेंदू खालच्या स्वराचा अंदाज बांधतो. म्हणजे गंमत बघा, बारक्या मला ज्या फोनवर बेसवाला दाखवत होता त्या फोनमधून त्याचा बेस नीट बाहेरच येत नव्हता.

मग तो बँडमध्ये करतो काय? ड्रम्सची लय आणि गिटारचे सूर यांच्यामध्ये उभा राहून दोघांना बांधून ठेवतो. एक प्रयोग करा. गिटारवाल्याने सी मेजरचे तीन सूर धरून ठेवले आणि बेसवाला खाली सी वाजवतोय, तर ऐकायला प्रसन्न वाटतं. आता गिटारवाल्याने बोटही हलवू नये, फक्त बेसवाल्याने सी सोडून खाली ए वर जावं. तेच तीन सूर एकदम उदास वाटायला लागतात. लोकांना वाटतं गिटारवाल्याने काय रडवलं राव! बेसवाला मागे गपचूप उभा असतो. आमच्या भाषेत सांगायचं तर बँडमधला डेटाबेस. चालू असतो तोवर कुणाला आठवत नाही, आणि बंद पडला की सगळ्यांचे फोन येतात. (नावातच बेस आहे. सॉरी, राहवलं नाही.)

काकांना मात्र हे वेगळ्या पद्धतीने सांगता आलं असतं, हे मला उशिरा सुचलं. आमचे आजोबा भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. उजव्या पानाला शाई असते ती कायमची. डाव्या धुमेला मात्र दर वेळी ताजी कणीक भिजवून लावायची, वाजवून पाहायचं, जरा काढायची, परत लावायची, तेव्हा कुठे तो खालचा घुमारा येतो. आणि भजन संपलं की ती खरवडून टाकायची. उद्या परत पहिल्यापासून. भजनाला आलेला माणूस बुवांच्या आवाजाचं कौतुक करत घरी जातो. कणकेचं कौतुक करणारा मी तरी अजून पाहिलेला नाही. बारक्या लहानपणी आजोबांना ती कणीक भिजवून द्यायचा. काकांनी हे स्वतः पाहिलेलं आहे.

असो. आता राहुल राम.

त्याची गोष्ट साधारणपणे जशी सांगतात तशी आधी सांगतो. आयआयटी कानपूरला केमिस्ट्रीत एम.एस्सी., मग अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात पर्यावरणीय विषशास्त्र या विषयात पीएच.डी. ज्या डिग्रीवर तिकडे आयुष्य सुखात गेलं असतं ती घेऊन हा १९९० च्या सुमाराला भारतात परत आला आणि नर्मदा बचाव आंदोलनात काम करायला लागला. त्याच काळात दिल्लीत सुश्मित सेन आणि असीम चक्रवर्ती यांनी नुकताच 'इंडियन ओशन' हा बँड सुरू केला होता. १९९१ मध्ये राहुल त्यात बेसवाला म्हणून आला. पुढे बँड मोठा झाला, 'कंदीसा' गाजला, 'ब्लॅक फ्रायडे' सिनेमातलं 'बंदे' गाजलं. तात्पर्य: मनाचं ऐका, सगळं सोडा.

ही बारक्याची आवृत्ती. अशीच पोस्टरवर छापतात. माझं म्हणणं असं की ही गोष्ट खोटी नाही, पण अर्धी आहे, आणि सोपा अर्धा भाग तेवढा सांगितला आहे. सोडणं हे एका दिवसाचं काम. उरलेली गोष्ट म्हणजे सोडल्यानंतर त्याने काय धरलं आणि किती वर्षं धरून ठेवलं.

तारखा बघा. बँड १९९० चा. पहिला अल्बम १९९३ साली. दुसरा, 'डेझर्ट रेन', १९९७ च्या एका जाहीर मैफलीत थेट रेकॉर्ड केलेला. ज्याने त्यांचं नाव देशभर झालं तो 'कंदीसा' आला २००० साली. म्हणजे राहुल बँडमध्ये आल्यापासून नऊ वर्षांनी! आमच्याकडे प्रोजेक्टला सहा महिन्यांत रिझल्ट दिसला नाही तर बजेट कापतात. इथे नऊ वर्षं लोक त्याच चार तारा वाजवत होते. सिनेमाचं गाणं नाही, नाचता येण्यासारखं काही नाही. टीव्हीवर पॉपचे व्हिडिओ चालायचे त्या काळात हे दहा-दहा मिनिटांचे तुकडे वाजवत होते.

आणि त्यातली पहिली काही वर्षं राहुल एकीकडे बँड आणि दुसरीकडे नर्मदेचं खोरं अशा दोन्ही ठिकाणी होता. आंदोलनाचं काम त्याने १९९५ पर्यंत केलं. हे खोरं आपल्यापासून काही परकं नाही. सरदार सरोवराच्या बुडितात महाराष्ट्रातली ३३ गावं होती, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. तो भाग तेव्हा धुळे जिल्ह्यात होता, आता नंदुरबारमध्ये. मणिबेलीचं नाव त्या काळी रोज पेपरात असायचं म्हणतात. तिथल्या नदीकाठच्या लोकांचं 'मा रेवा' हे पारंपरिक गाणं राहुलबरोबर बँडमध्ये आलं आणि 'कंदीसा' अल्बममध्ये देशाने ऐकलं. रेवा म्हणजे नर्मदा. हे गाणं तो बेस वाजवत वाजवत गातो. ज्यांनी करून पाहिलंय त्यांना विचारा हे किती अवघड आहे. गळा एका चालीत आणि हात दुसऱ्याच चालीत. मला चार वर्षांत एकदाही जमलं नाही.

या गाण्याबद्दल मी तटस्थपणे लिहू शकत नाही. माझ्या आईच्या माहेरचं जुनं गाव पैनगंगेवरच्या धरणात गेलं. आईचा जन्म नव्या गावातला, पण आजी बोलताना कायम 'जुन्या गावात' असं म्हणायची, जणू जुनं गाव अजून आहे आणि संध्याकाळी तिकडे जायचंय. त्याच धरणाच्या पाण्यावर पुढच्या कितीतरी गावांची शेती भिजते, आमच्या काही नातेवाइकांचीही. त्यामुळे धरण वाईट असं मी सरळ म्हणू शकत नाही आणि चांगलं असंही म्हणताना अडखळतो. 'मा रेवा' मी हॉस्टेलवर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा शब्द अर्धेच कळले, पण आजीचा 'जुन्या गावात' आठवला. २००० साली अल्बम आला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरदार सरोवराचं बांधकाम पुढे चालू ठेवायला परवानगी दिली. २०१७ मध्ये धरणाचं लोकार्पण झालं. म्हणजे ज्या कामासाठी राहुलने आयुष्यातली पाच वर्षं दिली ते, निदान धरण थांबवण्यापुरतं, हरलं. गाणं राहिलं. बारक्या, ही ओळ पोस्टरवर नसते.

पुढची वर्षंही बघा. २००९ च्या डिसेंबरमध्ये असीम चक्रवर्ती गेला. तबला आणि आवाज, अर्धा बँडच म्हणा ना. लोकांना वाटलं संपलं. २०१० मध्ये '१६/३३० खजूर रोड' आला. दिल्लीत करोल बागेतल्या ज्या जुन्या घरात ते सराव करायचे त्याचा हा पत्ता. त्यातली गाणी त्यांनी इंटरनेटवर फुकट दिली. त्याच वर्षी 'पीपली लाइव्ह' आला, शेतकरी आत्महत्येवरचा. मराठवाड्यातल्या माणसाला तो सिनेमा बघताना नीट हसता येत नाही. त्यात यांचं 'देस मेरा' होतं. २०१३ मध्ये सुश्मित सेनही बाहेर पडला. म्हणजे ज्या दोघांनी बँड काढला ते दोघेही राहिले नाहीत, आणि नंतर आलेला बेसवाला उभाच. नवे गायक, नवा तबलावाला, नवा गिटारवाला. २०१५ मध्ये 'मसान'चं संगीत. २०२३ मध्ये 'तू है' हा नवा अल्बम. १९९१ पासून मोजा: तीस वर्षांच्या वर. इमारत तीच, वरचे मजले बदलत गेले.

आता काकांच्या बाजूने. कारण बारक्या म्हणेल, "बघ, म्हणजे सोडलंच ना त्याने!"

सोडलं. पण काय सोडलं ते पण बघ. त्याने डिग्री अर्धवट सोडली नाही, पूर्ण करून बाजूला ठेवली. खिशात पीएच.डी. असलेला, दिल्लीत वाढलेला, इंग्रजी सहज बोलणारा माणूस जेव्हा उडी मारतो तेव्हा खाली काहीतरी अंथरलेलं असतं. पडला असता तरी कुठेतरी शिकवायला लागला असता. कळमनुरी तालुक्यातला पोरगा दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडून उडी मारतो तेव्हा खाली काका असतात आणि हळदीचा भाव असतो. दोन्ही उड्या सारख्याच धाडसाच्या आहेत असं म्हणणं हा राहुलवरही अन्याय आणि काकांवरही. कुणाच्या त्यागाची गोष्ट सांगताना त्याच्या खालची गादी लपवायची नाही, एवढी साधी अट आपण पाळायला हवी.

मग डिग्री पूर्ण कर म्हणजे झालं का? तेवढंही नाही. दुसऱ्या एका बेसवाल्याचं सांगतो. 'क्वीन' या जगप्रसिद्ध बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकला, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच बँडचा बेसवाला जॉन डीकन कुणाला आठवत नाही. तो १९७१ मध्ये बँडमध्ये आला, चौघांत सगळ्यात शेवटी. त्याच वर्षी लंडनला इलेक्ट्रॉनिक्सची डिग्री पहिल्या श्रेणीत मिळवली. रस्त्याकडेच्या कचऱ्याच्या पेटीत सापडलेल्या सर्किट बोर्डापासून त्याने एक छोटा अँप्लिफायर बनवला. तो नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालायचा, आणि बँडच्या गिटारवाल्याने तो कितीतरी रेकॉर्डिंगमध्ये वापरला. इंजिनिअरिंग वाया गेलं असं कोण म्हणेल? १९८० चं 'अनदर वन बाइट्स द डस्ट' हे त्याचं गाणं, अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेलं. ते सुरूच होतं बेसने. १९९१ मध्ये फ्रेडी गेला. १९९७ नंतर डीकन स्टेजवर आलाच नाही. बाकीचे दोघे नवे गायक घेऊन जगभर फिरले, हा घरी राहिला. कुणी त्याला पळपुटा म्हटलं नाही. वीस-पंचवीस वर्षं नीट धरून ठेवलेली गोष्ट माणूस शांतपणे खाली ठेवू शकतो.

आणि तिसरा बेसवाला मी. माझी गोष्ट छोटी आहे. कॉलेजच्या बँडमध्ये गिटारला दोघे आधीच होते, म्हणून सीनिअरने बेस माझ्या गळ्यात घातला. चार वर्षं वाजवला. नोकरी लागल्यावर विकून टाकला. लोकांना मी सांगतो की कामामुळे वेळ मिळेना. ते खरं नाही. वेळ होता, निदान रविवारी होता. शेवटच्या गॅदरिंगला आमचं गाणं झाल्यावर लोक गायकाला आणि गिटारवाल्यांना खांद्यावर घेत होते, आणि एका मुलाने मला विचारलं, "तू पण वाजवत होतास का?" त्या रात्री माझं मन त्यातून उठलं. नोकरीसाठी मी बेस सोडला नाही. मला ऐकू जायचं होतं, आणि ते वाद्य त्यासाठी नव्हतंच. पोट भरण्याचं कारण पुढे करणं सोपं पडलं इतकंच.

म्हणून बारक्याला मी सोमवारी रात्री फोन केला आणि एकच विचारलं. काय सोडणार ते मला सांगू नकोस, काय धरणार ते सांग. नऊ वर्षं कुणी नाव विचारलं नाही तरी वाजवशील? गाणं झाल्यावर गायकाला खांद्यावर घेतील आणि तू केबल गुंडाळत बसशील, ते चालेल? चालणार असेल तर मी तुझ्या बाजूने आहे. पण मग दुसरं वर्ष, तिसरं, चौथं हीसुद्धा त्या नऊ वर्षांतलीच समज. कॉलेज सोडू नकोस, वाजवणंही सोडू नकोस. राहुल रामनेही पहिली काही वर्षं दोन डगरींवर पाय ठेवून काढली. डिग्री झाल्यावर दोन वर्षं तुझं खोलीभाडं मी भरीन. त्या दोन वर्षांत तू फक्त वाजव, काकांकडे मागू नकोस.

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग म्हणाला, "दादा, तुझा बेस कितीला विकलास?" मी सांगितलं. "फसवलं तुला," म्हणाला.

काकांनाही फोन केला. त्यांना म्हटलं, काका, हे बेंजो पार्टीतलं नाही, आणि असतं तरी वाजवणाऱ्याला कमी लेखायचं कारण नव्हतं. हा पोरगा जे वाजवतो ते आजोबांच्या धुमेच्या जवळचं आहे. तो ज्याच्या मागे लागलाय त्या बँडने कबीरही गायलाय. आपल्या नरसीच्या नामदेवांची पदं शिखांच्या ग्रंथात कबिराच्या शेजारीच आहेत, तेव्हा फार लांबचं नातं नाही. आणि औंढ्याची गोष्ट तर तुम्हीच आम्हाला लहानपणी सांगितलीत. नामदेवांना देवळाच्या मागे जाऊन कीर्तन करायला सांगितलं आणि देऊळच फिरलं. मागे उभं राहून वाजवणाऱ्याला आपल्या जिल्ह्यात तरी कुणी हसू नये.

काका म्हणाले, "देऊळ फिरलं ते नामदेवाचं होतं. ह्याचं कधी फिरल?"

मी म्हटलं, ठाऊक नाही. बहुतेकांचं फिरत नाही. तरी दोन वर्षं देऊन बघू.

"बघू," म्हणाले. आमच्या घरात याचा अर्थ 'नाही' असा होत नाही, एवढं मला माहीत आहे.

असो. बरंच लांबलं. उद्या सकाळी रिलीज आहे, आणि टीममध्ये माझं काम काय, तर सगळं नीट चाललं तर कुणालाही कळू नये असं. हेडफोन लावून 'मा रेवा' ऐकतोय. तुम्हीही ऐका, पण फोनच्या स्पीकरवर नको.